पक्ष, साध्य, सिद्धता : प्रश्नाच्या मांडणीतील नैतिकता

१

शालेय भूमितीच्या मराठी पुस्तकांत प्रमेयाची मांडणी तीन शब्दांखाली केलेली असते : पक्ष, साध्य आणि सिद्धता. जे दिलेले आहे तो पक्ष, जे प्रस्थापित करावयाचे ते साध्य, आणि एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा मार्ग म्हणजे सिद्धता. गणिताचा इतिहास लिहिला जातो तो बहुतांशी या तिसऱ्या पदाचा. सिद्धता कोणी दिली, केव्हा दिली, ती निर्दोष आहे काय, यांभोवती चर्चा फिरत राहते. पक्ष मात्र 'दिलेला' असतो. कोणी दिला, हे विचारण्याची पद्धत नाही.

वस्तुतः 'पक्ष' हा शब्दच या विस्मरणाला आक्षेप घेणारा आहे. न्यायदर्शनात ज्याच्या ठिकाणी काही सिद्ध करावयाचे त्या अधिष्ठानाला पक्ष म्हणतात. 'पर्वतावर अग्नी आहे' या प्रसिद्ध अनुमानात पर्वत हा पक्ष होय. व्यवहारात मात्र पक्ष म्हणजे बाजू. वादातील, न्यायालयातील किंवा लग्नातील. भूमितीच्या पुस्तकातील पक्ष या दोन्ही अर्थांपासून दूर गेलेला दिसतो. तो कोणाची बाजू नसतो, आणि कोणत्याही विशिष्ट पर्वतावर उभा नसतो. गणिती प्रश्नाचे सामर्थ्य या दुराव्यात आहे, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. परंतु गणिताचा प्रश्न जेव्हा जगातील वस्तूंविषयी, म्हणजे जमीन, पाणी, माल, वेळ यांविषयी मांडला जातो तेव्हा पक्षाचा जुना अर्थ परत येतो काय, हा येथे विचारार्थ घेतलेला मुद्दा आहे. तो गणिताइतकाच समीक्षेचा आहे, कारण प्रश्न ही प्रथमतः एक संहिता असते. तिला निवेदक असतो, तिचा एक संबोधित असतो आणि तिच्यात काही अनुक्त राहिलेले असते.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) हे सर्व घटक उघड आहेत. तेथे उदाहरणात भुंगे येतात, सरोवरातील कमळ वाऱ्याने कलते, मोर सापावर झेप घेतो. आणि प्रश्न कोणाला तरी उद्देशून, संबोधनासह विचारलेला असतो. आधुनिक संशोधनातील प्रश्नाने ही संबोधने टाकली. 'समजा' या आज्ञार्थाचा वक्ता अनाम झाला. या अनामतेने प्रश्न सर्वांचा झाला, की त्याचा कर्ता नजरेआड गेला? दोन्ही गोष्टी घडल्या. आणि त्यांतील भेद ओळखणे हाच नैतिक विवेकाचा आरंभ ठरतो.

२

प्रश्न सर्वांचा होणे म्हणजे काय, याचे निर्मळ उदाहरण म्हणून शरच्चंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांच्या कार्याकडे पाहता येते. ऑयलरने १७८२ मध्ये छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न चर्चिला. सहा पलटणींतील प्रत्येकी सहा हुद्द्यांचे अधिकारी सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करावयाचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. हे अशक्य आहे असे त्याचे मत होते. आणि ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागल्यास दोन बाकी उरणाऱ्या सर्व संख्यांसाठी तशी रचना अशक्यच असावी, अशी अटकळ त्याने केली. सहाच्या बाबतीत ती खरी असल्याचे टॅरी यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता तपासून दाखविले. पुढे १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि श्रीखंडे यांनी २२ साठी अशी रचना करून दाखविली, पार्कर यांनी १० साठी केली, आणि तिघांनी मिळून दोन व सहा वगळता अशा सर्व संख्यांसाठी ऑयलरची अटकळ चुकीची असल्याचे सिद्ध केले. नागपुरात शिकलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाची धुरा वाहणारे श्रीखंडे या यशामुळे जगभर ओळखले गेले.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की १० बाय १० चा तो चौरस एकदा छापला गेला की कोणाही वाचकाला तो पडताळता येतो. त्यासाठी अधिकार लागत नाही, परवाना लागत नाही, कर्त्याच्या हेतूविषयी विश्वासही लागत नाही. पावणेदोनशे वर्षे एका थोर नावाच्या अधिकाराने टिकलेले मत शंभर घरांच्या एका तक्त्याने बाजूला सारले. संहितेपुढे कर्त्याचे नाव गौण ठरते, हे तत्त्व साहित्यसिद्धान्ताने मोठ्या वादंगानंतर मांडले. गणिताच्या व्यवहारात ते पूर्वीपासून अनुस्यूत आहे. देवळालीच्या शाळेत शिकविणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म दाखविला, तोही याच जातीचा. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करीत राहावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. पाटी-पेन्सिल असलेले कोणतेही मूल या विधानाचे परीक्षक होऊ शकते.

बोस–श्रीखंडे यांच्या परंपरेचा उगम कोठे आहे, हेही ध्यानात ठेवावे. लॅटिन चौरसांचा सांख्यिकीय अभ्यास बळावला तो शेतीच्या प्रयोगांतून : कोणते खत कोणत्या वाफ्यात घातले असता जमिनीच्या कसातील फरकाने निष्कर्ष बिघडणार नाही, या प्रश्नातून. त्याच बोस यांनी रायचौधुरी यांच्यासह १९६० मध्ये दोषसुधारक संकेतांचा जो वर्ग दिला, तो आज अंकीय साठवण आणि संदेशवहन यांत रुळला आहे. शेताच्या वाफ्यापासून संदेशातील चूक दुरुस्त करण्यापर्यंतचा हा प्रवास अमूर्तीकरणामुळेच शक्य झाला. तेव्हा अमूर्तीकरण म्हणजेच अन्याय, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

३

उत्तर सर्वांचे असते या गृहीतकाला पहिला मोठा धक्का बसला तोही एका मराठी नावाच्या संदर्भात. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये पदवी घेतलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना, रेषीय प्रायोजनाच्या प्रश्नांसाठी नवी रीत मांडली. मर्यादित साधने, त्यांवरील अनेक अटी आणि वाढवायचे किंवा घटवायचे एक उद्दिष्ट, अशी या प्रश्नांची घडण असते. अटींनी एक बहुफलक आकार तयार होतो. डँटझिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स रीत त्याच्या कडांवरून एका शिरोबिंदूकडून दुसऱ्याकडे सरकते. व्यवहारात ती वेगवान असली, तरी काही रचनांमध्ये तिला प्रचंड संख्येने पावले टाकावी लागतात, हे क्ली आणि मिंटी यांनी १९७२ मध्ये दाखविले होते. १९७९ मध्ये खाचियान यांनी तत्त्वतः कार्यक्षम रीत दिली, पण ती प्रत्यक्षात मंद होती. करमरकरांची रीत बहुफलकाच्या पोटातून जाते. ती तत्त्वतः कार्यक्षम होती आणि व्यवहारातही उपयोगी ठरली.

या रीतीवर एटी अँड टी कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८८ मध्ये ते मिळाले. त्या पेटंटचे शीर्षक समीक्षकाने वाचावे असे आहे : त्यात गणित हा शब्दच नाही, 'साधनांच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धती व उपकरण' असा त्याचा आशय आहे. यामागे कारण होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निव्वळ गणिती रीतीला पेटंट नाकारले होते आणि १९८१ मध्ये प्रत्यक्ष औद्योगिक प्रक्रियेत गुंफलेल्या रीतीसाठी दार किलकिले केले होते. तेव्हा मालकी सांगण्यासाठी सिद्धतेला वेश बदलावा लागला. जी संहिता परिषदेत प्रमेय म्हणून वाचली गेली, तीच पेटंट कार्यालयात यंत्र म्हणून वाचली गेली. अर्थ संहितेत असतो की वाचनाच्या संस्थात्मक चौकटीत, या प्रश्नाला याहून रोखठोक उदाहरण क्वचित सापडेल.

पेटंटच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीरपणे घेतला पाहिजे. पेटंट हा गुप्ततेचा नव्हे तर प्रकटनाचा करार असतो. मर्यादित काळाच्या हक्काच्या बदल्यात संशोधक आपली रीत जाहीर करतो. परंतु या प्रकरणात तक्रार होती ती नेमकी प्रकटनाविषयी. नवी रीत जुनीपेक्षा अनेक पटींनी वेगवान असल्याचे जाहीर झाले. मात्र ज्या संगणकीय अंमलबजावणीवर तो दावा आधारलेला होता तिचा तपशील इतर अभ्यासकांना मिळाला नाही, त्यामुळे पडताळणी करता आली नाही. प्रमेय उघड होते, वेगाचा पुरावा बंद होता. नंतर एकोणनव्वद लाख डॉलर किमतीची एक संगणकप्रणाली या रीतीवर बाजारात आली. दरम्यान १९८६ मध्ये पाच संशोधकांनी ही रीत आणि पूर्वीपासून माहीत असलेल्या एका पद्धतीचे आंतरिक नाते दाखवून दिले. आणि सोव्हिएत गणिती डिकिन यांनी १९६७ मध्येच हिच्या जवळची रीत दिली होती, हेही लोकांच्या ध्यानात आले. करमरकरांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांच्या निबंधाने एका संपूर्ण क्षेत्राला गती दिली. मात्र 'एक कर्ता, एक कृती, एक मालक' हे समीकरण डळमळीत होते. फूको यांनी १९६९ मध्ये लेखक या कल्पनेविषयी जे म्हटले त्याचा सारांश असा की लेखकाचे नाव संहितेच्या संचाराचे नियमन करते. गणितात हे नियमन शतकानुशतके श्रेयापुरते होते. येथे ते प्रवेशबंदीपर्यंत पोहोचले. भारतीय पेटंट कायद्याने २००२ च्या दुरुस्तीत गणिती पद्धती आणि अल्गोरिदम यांना स्पष्टपणे वगळले, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर केवळ तांत्रिक राहत नाही.

४

उत्तराच्या मालकीचा प्रश्न एवढ्यावर थांबविता येईल. त्याहून खोल प्रश्न आहे तो पक्षाच्या मालकीचा; आणि त्याकडे नेणारी वाट रेषीय प्रायोजनाच्या गणितातच आहे.

या शास्त्रातील अत्यंत सुंदर सिद्धान्त द्वैताचा आहे. प्रत्येक प्रश्नाला एक जोडीचा प्रश्न असतो, आणि त्याच्या उत्तरात मूळ प्रश्नातील प्रत्येक अटीला एक किंमत मिळते. ही अट किंचित सैल केली तर उद्दिष्टात किती फरक पडेल, हे ती सांगते. तिला छायामूल्य म्हणता येईल. लेनिनग्राडमध्ये प्लायवूडच्या उत्पादनाचा प्रश्न सोडविताना १९३९ मध्ये कांतोरोविच यांना अशाच मूल्यांची चाहूल लागली. जे साधन उत्तरात पूर्णपणे वापरले जात नाही, जे उरते, त्याचे छायामूल्य शून्य येते. इथवर सर्व ठीक आहे : विपुल वस्तूला किंमत नाही, हे अर्थशास्त्राला मान्य आहे.

परंतु शून्य किंमत असणे आणि किंमतच नसणे यांत मूलभूत अंतर आहे. ज्या गोष्टीची अटींच्या यादीत एक ओळ आहे, तिला शून्य का होईना, मूल्य मिळते. परिस्थिती पालटली की ते शून्याचे सशून्य राहत नाही. जिची ओळच लिहिली गेली नाही, तिच्याबाबत गणित खोटे बोलत नाही. ते काहीच बोलत नाही. उत्तर कितीही अचूक असो, ते या मौनाची भरपाई करू शकत नाही, कारण अचूकता सिद्धतेचा गुण आहे आणि मौन पक्षातले आहे. संहितेचा अर्थ तिच्या मौनातही शोधावा लागतो, असे पिएर मॅशरे यांनी १९६६ मध्ये साहित्यकृतीविषयी मांडले. नियोजनाच्या प्रश्नाला ते अधिकच लागू पडते. कादंबरीच्या मौनाने कोणाचे घर जात नाही.

५

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे असे मौन वाचण्याचे ठिकाण आहे. उरणकडे जाणारा रस्ता, न्हावा-शेवाचे बंदर आणि उलव्याची नवी वसाहत यांच्यामध्ये हे गाव येते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन समाविष्ट करून सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र ठरविण्यात आले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाचा हा मुलूख. हे निर्णय कोणा संगणकाने किंवा रेषीय प्रायोजनाने घेतले, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांची घडण तीच होती : मुंबईवरील ताण कमी करणे हे साध्य, आणि एकर, दर व लोकसंख्या हा पक्ष.

संकेतनशास्त्राचा एक धडा येथे उपयोगी पडतो. संदेशात केवळ आवश्यक तेवढीच चिन्हे ठेवली, तर प्रत्येक चिन्हमालिका अर्थपूर्ण ठरते आणि चूक झाली तरी ती चूक म्हणून ओळखता येत नाही. चूक ओळखता येते ती अतिरिक्त चिन्हांमुळे. वरवर निरुपयोगी वाटणाऱ्या पुनरुक्तीमुळे. गावाचे जीवन अशा पुनरुक्तीने भरलेले असते. तेच खाजण एका हंगामात शेत असते, भरतीच्या वेळी माशांचे पाळणाघर असते, आणि त्याचा बांध राखणे ही अनेक घरांची सामायिक जबाबदारी असते. भूसंपादनाच्या कागदावर यांतून एक क्षेत्रफळ आणि एक धारक उरतो. संक्षेप पूर्ण होतो, आणि संक्षेपात चूक झाली असल्यास ती दाखविणारी चिन्हेही त्याबरोबर पुसली जातात.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-न्हावा-शेवा परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे जे धोरण १९९० च्या दशकात रूढ झाले, त्याच्या मुळाशी हा संघर्ष आहे. गणिताच्या परिभाषेत पाहिले, तर ही मूळ प्रश्नात मागाहून घातलेली अट होय. ती प्रश्न मांडणाऱ्यांनी घातली नाही, सोडविणाऱ्यांनीही नाही. ज्यांना पक्षात केवळ क्षेत्रफळ म्हणून स्थान होते त्यांनी ती घालावयास लावली. करमरकरांची रीत जगापुढे आली तीही १९८४ मध्येच. एकाच वर्षी साधनांच्या वाटपाचा प्रश्न अधिक वेगाने सोडविण्याची वाट सापडली, आणि त्या प्रश्नाचे शब्द बदलण्यासाठी माणसे मेली. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. पण पहिल्या घटनेतील प्रतिभेने दुसऱ्या घटनेतील प्रश्न सुटला नसता, एवढे त्यांच्या शेजारीपणातून कळते.

साडेबारा टक्के ही अट जमिनीची होती. टक्केवारी काढावयाची तर आधी धारण केलेले काही असावे लागते. खाडीत जाळे टाकण्याचा वहिवाटीचा हक्क सातबाऱ्यावर येत नाही. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि पुढे विस्तारत गेले. भराव पडले, भरतीच्या पाण्याच्या वाटा बदलल्या, कांदळवने गेली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर निकाल देताना १,६३० कुटुंबांसाठी सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. ही कुटुंबे उरण परिसरातील कोळीवाड्यांची होती, आणि त्यांत गव्हाणचा कोळीवाडाही होता. दर कुटुंबामागे हिशेब सुमारे ५ लाख ८४ हजारांचा येतो. बंदर सुरू झाल्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, ज्या गोष्टीची ओळच लिहिली गेली नव्हती तिला प्रथमच एक आकडा मिळाला. छायामूल्य छायेतून बाहेर येण्यास लागलेला हा काळ आहे.

६

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला गणित्याचा : प्रश्न बिनचूक सोडविणे एवढेच त्याचे कर्तव्य आहे, पक्षाची जबाबदारी पक्ष देणाऱ्याची. शुद्ध गणितापुरता हा आक्षेप ग्राह्य आहे. श्रीखंड्यांच्या चौरसाने कोणाचे काही वगळले नाही, कारण त्या चौरसाबाहेर त्याचा दावाच नव्हता. परंतु पेटंटच्या शीर्षकात 'साधनांचे वाटप' असे लिहिले जाते, तेव्हा हा बचाव संपतो. मालकी सांगण्यासाठी रीत जगाशी जोडावयाची आणि उत्तरदायित्वाच्या वेळी ती जगापासून तोडावयाची, या दोन भूमिका एकत्र नांदू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप साहित्याकडून येतो, आणि तो अधिक मोहक आहे. प्रत्येक अमूर्तीकरण ही हिंसाच असते. जगण्याचे आकड्यांत रूपांतर करणेच मुळी अनैतिक आहे, असा तो आहे. त्यात करुणा आहे, परंतु विचार अपुरा आहे. लवादापुढे गव्हाणच्या कोळ्यांना न्याय मागता आला तो मोजणीच्या भाषेत : इतकी कुटुंबे, इतके क्षेत्र, इतके नुकसान. मोजणीच नाकारली असती तर त्यांची हानी शोकगीतापुरती उरली असती. खाडीचे समग्र मोल ९५ कोटींत मावत नाही, हे खरे. पण ते मावत नाही हे दाखविण्यासाठीही आधी आकडा मांडावा लागतो. समीक्षेने संख्येचा तिरस्कार करणे म्हणजे पक्षाचे लेखन दुसऱ्यांच्या हाती सोपवून मोकळे होणे होय.

मग नैतिक मागणी कोणती उरते? गणिताने स्वतःच्या व्यवहारात जी दोन मूल्ये जपली आहेत त्यांचाच विस्तार करण्याची. पहिले मूल्य पडताळणीचे : सिद्धता कोणालाही तपासता आली पाहिजे. करमरकर प्रकरणात हे मूल्य अंशतः झाकले गेले, आणि गणिती समाजाने त्याविरुद्ध तक्रार केली ती या मूल्याच्याच आधारे. दुसरे मूल्य गृहीतकांच्या उच्चाराचे : जे मानले आहे ते सर्व पक्षात लिहिलेले असले पाहिजे. शाळकरी मुलाने न दिलेली गोष्ट वापरली, तर त्याचे गुण जातात. नियोजनाच्या प्रश्नात या नियमाची दुसरी बाजूही लागू करावी लागेल : जे वगळले आहे तेही लिहिलेले असले पाहिजे, आणि ज्यांच्याविषयी प्रश्न आहे त्यांना पक्षात दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार असला पाहिजे, उत्तर अमलात येण्यापूर्वी, गोळीबारानंतर नव्हे.

अटल सेतू २०२४ मध्ये खुला झाला, उलव्याजवळच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ मध्ये झाले. वाहतुकीचे, मालाचे आणि उड्डाणांचे नवे प्रश्न या परिसराविषयी मांडले जाणार, आणि त्यांपैकी बरेच संगणक सोडविणार, तेही करमरकरांच्या रीतीपासून विकसित झालेल्या पद्धतींनी. त्या उत्तरांच्या अचूकतेची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पक्षाचे वाचन करणाऱ्यांची गरज मात्र तेवढीच आहे; आणि संहितेत काय लिहिलेले नाही हे वाचण्याचे शिक्षण ज्या विद्याशाखेत दिले जाते, तिने हे काम आपले नव्हे असे मानण्यास आधार नाही.